घरातलं म्हणजे उणं कसं?

बायकांचं लिखाण घरसंसारापुरतं, म्हणून उणं, हे तुमचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. आपल्या मराठवाड्यातलंच बघा. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची. घर एक, विठ्ठलही एक. पण जनीच्या अभंगांत ती झाडलोट करते तेव्हा विठ्ठल केर भरतो, तिच्या डोईला लोणी चोळतो. देव इतका जवळ आला तो घरकामातूनच! (जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्यांची तर नावंही उरली नाहीत.) फरक पडतो तो अनुभवाचा, सवडीचा आणि धास्तीचा. मालती बेडेकरांच्या धीट कथा १९३३ मध्ये आल्या त्या विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. तुम्हाला उणी वाटलेली एखादी कथा सांगा, तिच्यावरच बोलू.