लाटव्हियातलं 'पिर्त्स' : आईला झेपेल का?

सप्टेंबरमध्ये आई (वय ६३) आणि मी चार दिवस रीगाला आहोत. एक दिवस सिगुल्दाच्या बाजूला जाऊन लाकडावर तापवलेलं पारंपरिक पिर्त्स (तिथलं वाफेचं स्नान) घ्यायचं आहे. म्हणजे हॉटेलातला सौना नव्हे. पिर्तनिएक्स (हे स्नान घालणारा जाणकार) बर्च-ओकच्या डहाळ्यांच्या जुडीने वाफ आपल्या अंगावर आणतो, थोपटतो, मग तळ्यात डुबकी, असे तीन-चार फेरे, तो विधी.

अडचण आईच्या बीपीची. गोळी चालू आहे, बीपी आटोक्यात आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ वाफ चालेल, पण लगेच गार पाण्यात उडी नको. दोन ठिकाणी ईमेल केली. एकाने फक्त दर आणि 'तीन-चार तास लागतात' एवढंच कळवलं, दुसऱ्याचं उत्तरच नाही. तिथे कपडे न घालता बसतात असं वाचलंय. आई स्विमसूटसुद्धा नाइलाजाने घालेल, त्यामुळे बाई पिर्तनिएक्स आणि फक्त आम्ही दोघी, असंच हवं. गाडी नाही, रीगाहून ट्रेनने जाऊ.

कुणी स्वतः घेतलंय का? खालच्या बाकावर बसून, डुबकीऐवजी नुसतं कोमट पाणी अंगावर घेऊन विधी करून देतात का? आणि सुती पंचा गुंडाळून बसलेलं चालतं का?