डेस्कटॉपवरचे वेबसाइटचे शॉर्टकट उघडेनात, क्रोम मात्र ठणठणीत

दाखलेवाली
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात सेवा केंद्र चालवते. जून म्हणजे काय ते सांगायला नकोच: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, दारात पोरं आणि त्यांच्या आया. आणि नेमके आत्ताच डेस्कटॉपवरचे शॉर्टकट रुसलेत. महाभूलेख, डिजिटल सातबारा, पीएम किसान, आपले सरकार, सगळे एका ओळीत मांडून ठेवलेले आहेत. डबल क्लिक केलं की चौकट येते: या कामासाठी कुठलंही ॲप जोडलेलं नाही, डिफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन जोडा. ओके दाबलं की चौकट जाते आणि पान काही येत नाही.

क्रोम उघडून तोच पत्ता टाकला तर साइट झटक्यात येते. म्हणजे नेटला दोष नाही. आणि त्या रांगेतला आपले सरकारचा शॉर्टकट तेवढा चालतोय! डिफॉल्ट ब्राउझर बघितला, तिथेही क्रोमच दिसतंय. विंडोज १० आहे.

दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा. फॉरमॅट म्हणजे अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर (आरडी सर्व्हिस), डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनचा ड्रायव्हर, स्कॅनर, प्रिंटर, सगळं पहिल्यापासून. ऑगस्टच्या आत मला ते जमणार नाही.

घाईगडबड
सोपं आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. आधी क्रोमच्या ईएक्सई फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ती मशीनवर कुठे आहे तो पत्ता, अवतरणचिन्हांत, मग एक स्पेस, मग साइटचा पत्ता. डिफॉल्टची भानगडच नाही.

जुना पान्हा
ताई, फॉरमॅटचं नावही काढू नका. एक चालतो आणि बाकीचे नाहीत, यातच निम्मं उत्तर आहे. डेस्कटॉपवर वेबसाइटचे शॉर्टकट दोन जातींचे असतात. एकात नुसता पत्ता असतो. तो विंडोजला म्हणतो, हे उघड; आणि कशात उघडायचं ते विंडोज डिफॉल्ट बघून ठरवतं. दुसऱ्यात थेट ब्राउझरच्या फाइलचा पाथ असतो, तो डिफॉल्टला विचारायलाही जात नाही. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. 'वेब डॉक्युमेंट' असा टॅब दिसला तर पहिली जात, 'शॉर्टकट' टॅब आणि त्यात 'टार्गेट' दिसलं तर दुसरी. फाइल एक्स्टेन्शन (नावामागची शेपटी) दाखवायची सेटिंग चालू केलीत तरी या दोघांची एक्स्टेन्शन विंडोज लपवूनच ठेवतं, म्हणून वरून फरक कळत नाही.

मग विंडोजचं बटण आणि आर दाबा, रनच्या पट्टीत सुरुवातीच्या एचटीटीपीएस या अक्षरांपासून साइटचा अख्खा पत्ता टाका, एंटर. तिथेही तीच चौकट आली तर शॉर्टकट निर्दोष आहेत, दोष विंडोजच्या डिफॉल्टमध्ये आहे.

आणि एक विचारतो. एवढ्यात कुठला ब्राउझर मशीनवर आला किंवा गेला का?

दाखलेवाली
दादा, आपले सरकारवाला दुसऱ्या जातीचा निघाला, टार्गेटमध्ये क्रोम. बाकी पहिल्या जातीचे. रनमध्येही तीच चौकट!

ब्राउझरचं म्हणाल तर हो. भाच्याने पीडीएफ जोडायला कुठलंसं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्या शेपटीला एक अनोळखी ब्राउझर आला. दिवसभर सगळं त्याच्यातच उघडत होतं, म्हणून संध्याकाळी मीच कंट्रोल पॅनेलमधून उडवला.

जुना पान्हा
सापडला. ब्राउझर गेला, पण एचटीटीपीएसचे पत्ते त्याच्याकडे द्यायचे ही नोंद मागे राहिली. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने टपाल येतंय, असा प्रकार.

सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स. वर वेब ब्राउझरखाली क्रोम दिसतंय त्यावर जाऊ नका. तळाशी सरका, 'चूज डिफॉल्ट ॲप्स बाय प्रोटोकॉल' अशी बारीक ओळ आहे. प्रोटोकॉल म्हणजे इथे पत्त्याच्या सुरुवातीची अक्षरं. त्या लांबलचक यादीत एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांच्या दोन वेगळ्या ओळी आहेत, दोघांचा धनी वेगळा असू शकतो. दोन्हींसमोर काय आहे ते सांगा. (विंडोज ११ वाल्यांनी डिफॉल्ट ॲप्समध्ये क्रोमवरच क्लिक करावं, तीच यादी तिथे दिसते.)

घाईगडबड, तुमचा उपाय चालेल, पण शॉर्टकटपुरताच. मेलमधली किंवा वर्ड फाइलमधली लिंक दाबली की ताई परत त्याच चौकटीपुढे. शिवाय क्रोमचा पाथ सगळीकडे एक नसतो. जुन्या मशीनवर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये, नव्यावर नुसत्या प्रोग्राम फाइल्समध्ये. जागा बदलली की ते शॉर्टकटही गेले.

कोरा कागद
रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतली, ती नोंद हाताने बदलली तर? माझ्याकडे तयार फाइल आहे, डबल क्लिक केलं की झालं.

जुना पान्हा
नको. विंडोज ८ पासून त्या नोंदीशेजारी एक हॅश, म्हणजे पडताळणीचा सांकेतिक शिक्का, असतो. आपण निवडलेलं कुठल्या सॉफ्टवेअरने परस्पर बदलू नये म्हणून ठेवलाय. नोंद बदलली आणि हॅश जुळला नाही, तर विंडोज ती निवड मानतच नाही. सेटिंग्जमधूनच करायचं. आणि दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनवर रजिस्ट्रीची फाइल चालवायला सांगू नये, हे माझं मत.

दाखलेवाली
एचटीटीपीसमोर क्रोम होतं. एचटीटीपीएससमोर करडं अधिकचं चिन्ह आणि 'चूज अ डिफॉल्ट'! चिन्हावर क्लिक केलं, यादीतून क्रोम निवडलं, आणि सातबारा पहिल्या फटक्यात उघडला. पीएम किसानही. बाहेर बसलेल्या मावशी म्हणाल्या, झालं का गं एकदाचं.

आता एकच राहिलाय. भूनकाशाचा (जमिनीच्या नकाशांची साइट) शॉर्टकट उघडतो, पण एज ब्राउझरमध्ये. हा आधीच्या चालकाच्या काळातला आहे. प्रॉपर्टीजमध्ये टाइपसमोर 'पिन्ड साइट शॉर्टकट' लिहिलंय.

जुना पान्हा
ती तिसरी जात, आता दुर्मीळ. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरने, इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने आणलेली. डिफॉल्ट काहीही असो, ती एक्सप्लोररलाच हाक मारते. विंडोज १० वरचा एक्सप्लोरर फेब्रुवारी २०२३ मध्ये कायमचा बंद केला, तेव्हापासून त्याची कामं एजकडे जातात. त्याला दुरुस्त करत बसू नका, डिलीट करा. क्रोममध्ये भूनकाशा उघडा, खिडकी थोडी लहान करा आणि पत्त्याच्या डाव्या बाजूचं चिन्ह माउसने धरून डेस्कटॉपवर ओढून सोडा. पूर्वी तिथे कुलूप असायचं, आता दोन रेषा आणि दोन गोळे दिसतात. तयार होईल तो पहिल्या जातीचा.

मेनूतलं 'क्रिएट शॉर्टकट' वापरू नका. तो क्रोमच्या प्रोफाइलला बांधलेला असतो. भाच्याने प्रोफाइल उडवलं की परत इथे यावं लागेल.

दाखलेवाली
ओढला, चालला. भाच्याला माउसला हात लावायची बंदी केलीय. दादा, या बाजूला आलात तर चहा आमच्याकडे. दाखला लागला तर मात्र रांगेत उभं राहावं लागेल.