हे दात मोसासॉरचे, प्लेसिओसॉरचे की नुसता गंडा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर खड्यांच्या एका स्टॉलवर पोरानं हट्ट करून तीन दात घ्यायला लावले, स्टॉलवाला म्हणे मोरोक्कोच्या डायनासोरचे हैत साहेब, एकदम ओरिजिनल. नंतर वाचलं तर तिकडं खुरिब्गाजवळ फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि त्यात निघतात ते बरेचसे मोसासॉरचे दात, म्हणजे समुद्रात राहणारे, डायनासोर नव्हेतच, घोरपड-सापांच्या भावकीतले. म्हणजे नाव चुकीचं पण गाव बरोबर असेल का काय कळेना.

पहिला अंगठ्याएवढा जाडजूड, किंचित वाकडा, पुढून-मागून दोन धारा, खाली मुळाचा फुगीर गड्डा. हा प्रोग्नॅथोडॉन (मोसासॉरचाच एक प्रकार) असावा असं मला वाटतंय. दुसरा सडपातळ, लांब, अंगावर बारीक उभ्या रेघा आणि धार कुठंच नाही, तो प्लेसिओसॉर (लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी) की इक्थिओसॉर (माशासारख्या आकाराचा)? तिसरा वाळूच्या दगडात अर्धा रुतलेला आहे पण नख लावलं की वाळू गळतीय, त्यामुळं त्याच्यावर लै डाउट आहे.

(शेजारचे काका म्हणतायत असला दात आमच्या विहिरीच्या खोदकामात पण निघालाय, बघितलं तर कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा टोकदार खडा. आपल्याकडं खाली सगळा लाव्हाचा काळा पाषाण, त्यात समुद्रातला प्राणी कुठनं येणार!)

न फोडता घरच्या घरी कसं तपासू?

प्रतिसाद १
इक्थिओसॉरवर काट मारा. ते साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीच संपले आणि खुरिब्गाचे मोसासॉरवाले थर ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. इक्थिओसॉर हवा तर आपल्या कच्छमध्ये, लोडाईला त्याचा सांगाडा सापडलाय, तो ज्युरासिकमधला, म्हणजे त्याहून कितीतरी जुन्या काळातला. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्लेसिओसॉर वाटतो, त्या खाणीत झराफासॉरा नावाचा सापडतो. फक्त तो चपटा नाही ना बघा, एन्कोडस माशाचा सुळा पण असाच लांबडा असतो पण चपटा आणि धारेचा. तिसऱ्याचं म्हणाल तर वाळू डिंकात कालवून त्यात दात बसवायची तिकडं जुनीच पद्धत आहे, दात खरा असेल, दगड मात्र बनवलेला. दगडाच्या कोपऱ्यावर कापसानं ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) लावा, वाळू सुटली तर समजा डिंकच. दाताला लावू नका. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मिळाला तर अंधारात तिन्हींवर मारा, बरेच डिंक चमकतात.

धागाकर्ता
धन्यवाद सर! दुसरा गोलच आहे, चपटा नाही. टॉर्च दुकानात होताच. तिसऱ्याचा अख्खा दगड चमकतोय, ते ठीक, पण पहिल्याच्या पण मूळ आणि दाताच्या मधोमध निळसर रेघ दिसतीय. तो पण खोटा का?

प्रतिसाद १
खोटाच असं नाही. कधी तुटलेला दात त्याच्याच मुळावर परत चिकटवतात, कधी दुसऱ्याच दाताचं मूळ जोडतात. जोडावर दोन्हींची जाडी जुळतीय का बघा आणि त्या जागेचा जवळून फोटो टाका.