"समुद्र तापला म्हणून मासा गेला" – हे रडगाणं आता बास

रापणकर
परवा सागरमित्र यांनी लिहिलं की कोकणातला मासा आटला तो समुद्र तापल्यामुळे, पर्ससीन (मोठ्या बोटींचं खालून आवळायचं जाळं) आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीविरुद्धची ओरड म्हणजे निव्वळ गावकीचं राजकारण, आणि आम्हा रापणीवाल्यांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांनी, आता "जुळवून घ्यायला शिकावं". ते जुळवून घ्या वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

आमची रापण ओढायला चाळीस-पन्नास माणसं लागतात, दोन्ही अंगांनी दोर धरून. बाबांच्या वेळी एका ओढीला बांगडा एवढा की खारवायला मीठ पुरायचं नाही. गेल्या मोसमात आम्ही तीन तास ओढून दोन टोपल्या पेडवे, बाकी जेलीफिश आणि चिप्सची पाकिटं. वाट्याला पन्नास रुपये आले, त्यातले वीस चहा-वड्यात गेले. आणि त्याच रात्री किनाऱ्यावर उभं राहून बघा, समोर पाण्यात गाव वसल्यासारखे दिवे. एलईडी लावून मासेमारीवर बंदी केंद्राने २०१७ लाच घातलीय बरं का. उजेडाला मासा गोळा होतो, भोवती जाळं फिरवतात, खालून आवळतात, पिल्लासकट सगळं वर. हे तापमानाने केलं?

सागरमित्र
राजकारण हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही. १९५० ते २०२० मध्ये हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापलाय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांचं काम वाचा. वरचं पाणी गरम झालं की ते हलकं होऊन वरच तरंगतं, खालचं खतावलेलं थंड पाणी वर येत नाही, मग प्लवकच (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) नाही तर तारली-बांगडा खाणार काय? पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं. केरळात २०१२ ला तारली जवळपास ४ लाख टन होती, २०२१ ला साडेतीन हजारसुद्धा नाही. तिकडे काय मालवणचे एलईडीवाले गेले होते?

रापणकर
पश्चिम हिंदी महासागर म्हणजे सोमालियाची बाजू, आमचं मालवणचं दांडी-देवबाग नव्हे. आणि अर्धीच गोष्ट का सांगता? तीच केरळची तारली २०२३ ला १ लाख ३८ हजार टनांवर आली. त्या वर्षी समुद्र थंड झालेला काय? उलट तेव्हा सगळीकडे रेकॉर्ड उष्मा म्हणून तुमच्याच पोस्टी होत्या.

नौकामालक_रत्नागिरी
माझी पर्ससीन आहे, लायसनवाली. दरवेळी आम्हीच चोर. राज्याच्या २०१६ च्या आदेशानंतर आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर चारच महिने. त्यातही २०१९ ला क्यार आणि महा, दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात, ऐन दिवाळीचा मोसम बोट बंदरात बांधून. तीस खलाशी घरी बसून पगार मागत होते, बँक हप्ता मागत होती. तेव्हा रापणकर साहेब आले नव्हते विचारायला. पूर्वी एवढी वादळं या बाजूला यायची नाहीत हे तरी मान्य करा, आणि परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री येऊन खरवडून जातात त्यांना आधी अडवा, मग आमच्याकडे बोट दाखवा.

रापणकर
वादळाचं मान्य. निसर्ग आणि तौक्ते वादळांत माझ्याही होडीच्या फळ्या उचकटल्या. पण "तो पण चोर आहे" म्हणून तुम्ही साव होत नाही. आणि चार महिन्यांचं लायसन बारा महिने कसं चालतं ते बंदरावर शेंबड्या पोराला माहितीय.

पुणेकर_खवय्या
तुमची भांडणं चालू द्या, पण मला कोणी सांगेल का, साडेसहाशेच्या थाळीत पापलेट म्हणून येतं ते बिस्किटाएवढं का असतं? मागच्या रविवारी दोन घासात संपलं, वर वेटर म्हणतो "सर, छोटंच गोड लागतं."

सागरमित्र
कारण ते पिल्लू आहे, आणि तुम्ही ते मागवता म्हणून ते येतं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची १३५ मिलिमीटर. बॉलपेन शेजारी ठेवून बघा, त्याहून लहान असेल तर परत पाठवा. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. राज्यमाशाची पिल्लं तळून खाणारं आपलंच राज्य असेल.

पुणेकर_खवय्या
हॉटेलात पेन काढून मासा मोजू? बायको टेबल सोडून जाईल. आणि शेपटी धरून मोजायचं की सोडून? बाय द वे डोकं तर त्यांनी आधीच उडवलेलं असतं.

वर्सोव्याची
दादा, शेपटी राहू दे बाजूला. मी पंचवीस वर्षं मासळीची पाटी लावते. बंदरात लिलावाला जो माल येतो तो आम्ही घेतो, त्यात पिल्लं असली तर काय पाण्यात परत सोडू? ती मेलेली असतात. तुमच्यातलेच येतात आणि म्हणतात "मावशी, मोठं परवडत नाही, ते छोटे शंभरला किती?" मग घरी जाऊन पर्यावरणावर लिहितात. पट्टी घेऊन उभं राहायचं तर जाळं येतं तिथे राहा, आमच्या पाटीवर नको.

पुणेकर_खवय्या
म्हणजे शेवटी खाणाराच गुन्हेगार. सुरमई खावी तर ती परवडत नाही, बोंबील पुण्यात पोचेपर्यंत पाणी होतो. श्रावण बारा महिने पाळू का?

वर्सोव्याची
पाळा की. तेवढीच घासाघीस कमी.

नौकामालक_रत्नागिरी
पिल्लं सुटावीत म्हणून जाळ्याचा आस (भोकं) मोठा करा सांगणं सोपं आहे. नवीन जाळ्याची किंमत माहितीये? आणि मी एकट्याने केला तर शेजारची बोट भरून येणार, मी रिकामा.

वाळूवरचा_पोरगा
विषय कुठच्या कुठे गेला. मी कासवांचं काम करतो, ऑलिव्ह रिडले. वाळू तापली की घरट्यातून जवळजवळ सगळ्या माद्याच निघतात, फार तापली तर अंडी आतच शिजतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही हॅचरीवर, म्हणजे अंडी राखतो त्या जागेवर, झावळ्यांची सावली केली, दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेवत नव्हता. तिथे कुठली पर्ससीन नाही ना रापण. आणि तरी मोठी कासवं वाहून येतात ती जाळ्यात गुदमरलेली. दोन्ही खरं असू शकतं की.

रापणकर
कासवासाठी मी स्वतः जाळं कापलंय. भरपाईची योजना आहे, २५ हजारांपर्यंत. फोटो, फॉर्म, सही, शिक्का, सगळं दिलं. आठ महिने झाले, "साहेब मीटिंगला गेलेत". कासव एव्हाना श्रीलंकेला पोचून परत आलं असेल.

सागरमित्र
बरं. केरळच्या २०२३ च्या आकड्याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. तारलीत चढउतार असतातच, एका वर्षावरून काही ठरत नाही, पण मग २०२१ वरूनही ठरत नाही हे ओघाने आलं. तरी माझं म्हणणं असं की तापलेल्या समुद्रात मासा आधीच अर्धमेला, तिथे तुम्ही दिवे लावता...

रापणकर
मी नाही, ते लावतात. पण शेवटचं वाक्य आवडलं. हेच पहिल्या पोस्टीत लिहिलं असतंत तर माझा चहा थंड झाला नसता.

नौकामालक_रत्नागिरी
वा, जमलं दोघांचं. चोर शेवटी मीच.

पुणेकर_खवय्या
मावशी, शनिवारी मुंबईत आहे. बॉलपेनाएवढं मोठं पापलेट ठेवाल का?

वर्सोव्याची
पेन तुमचं आणा. आणि सकाळी सातच्या आत या, नंतर छोटेच उरतात.