ॲलर्जीच्या रिपोर्टमध्ये गहू, शेंगदाणा, कोळंबी सगळंच लाल, आता शिजवू काय?

परळची आई
मुलगा नववीत. पावसाळा लागला की सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक चोंदलेलं, डोळे लाल. आमचं चाळीतलं घर, भिंतींना ओल येतेच. शेवटी एका लॅबचं मोठं ॲलर्जी पॅकेज केलं. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), झुरळ, कोळंबी, गहू, शेंगदाणा, सगळ्यांपुढे लाल! पण पोळी, दाण्याची चटणी, कोळंबीचं कालवण तो लहानपणापासून खातो, कधी अंगावर गांधीसुद्धा उठली नाही. सासूबाईंनी कालपासून कणकेचा डबा वर ठेवलाय. खरंच सगळं बंद करायचं?

दादरकर
रक्ताचे रिपोर्ट म्हणजे पैसे उकळायचे धंदे. सरळ त्वचेवरची टेस्ट करा.

पिपेटवाली
दादरकर, इतकं सोपं नाही हो. मी लॅबमध्ये हेच काम करते.

ताई, आधी बघा, रिपोर्टवर आयजीई लिहिलंय की आयजीजी? दोन्ही अँटीबॉडीच, म्हणजे शरीर बाहेरच्या गोष्टींविरुद्ध बनवतं ती प्रथिनं; पण अशा ॲलर्जीशी संबंध आयजीईचा. अन्नाचं आयजीजी पॅनल असेल तर रद्दीत टाका. आपण जे खातो त्याविरुद्ध आयजीजी धडधाकट माणसातही सापडतं, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही.

आयजीई असेल तर साधारण ०.३५ च्या वर आम्ही पॉझिटिव्ह लिहितो. त्याचा अर्थ एवढाच की रक्तात त्या गोष्टीविरुद्ध अँटीबॉडी आहे. खाल्ल्यावर त्रास होतो की नाही, हे मशीनला कसं कळणार? ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय माइट्स, झुरळ आणि कोळंबी, तिघांत ट्रोपोमायोसिन नावाचं एकमेकांशी मिळतंजुळतं प्रथिन असतं. माइट्सच्या अँटीबॉडीमुळे कोळंबीही लाल दिसू शकते. गव्हाचं तसंच, गवताच्या परागकणांमुळे.

त्वचेवरची टेस्ट चांगलीच आहे. थेंब टाकून टोचतात, १५-२० मिनिटांत गाठ मोजतात, ३ मिमी किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह. पण सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, चालू असेल तर साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. रक्ताच्या टेस्टला ती अडचण नाही. आणि खाऊन त्रास नसताना पॉझिटिव्ह तिथेही येतंच.

परळची आई
आयजीई आहे. माइट्स ४० च्या वर, कोळंबी १.१, गहू-शेंगदाणा १ च्या आत.

पिपेटवाली
मग शिंकांना माइट्सच जबाबदार दिसतात. आपल्याकडच्या दमट हवेत ते पोसले जातात. जे खाऊन आजवर काही झालं नाही ते रिपोर्ट बघून बंद करू नका; ॲलर्जीतज्ज्ञांना मात्र दाखवाच. खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, श्वास अडला, तर मात्र घरी न थांबता हॉस्पिटल.

नाकाचा स्प्रे दिला तर किती दिवस, ते ॲलर्जीतज्ज्ञच सांगतील. माइट्सची इम्युनोथेरपीही असते, म्हणजे त्याच गोष्टीचे ठरावीक डोस देऊन शरीराला तिची सवय लावायची, जिभेखालून किंवा इंजेक्शनने, पण ती साधारण ३ ते ५ वर्षं चालते. शाळा-क्लासमधून ते जमेल का, बघा.

परळची आई
कणकेचा डबा खाली आला! गाद्या कापसाच्या आहेत, त्यांचं काय?

पिपेटवाली
बारीक विणीची, चेनवाली कव्हरं मिळतात. बजेट कमी असेल तर आधी त्याच्या उशीला घाला, मग गादीला. चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. आणि झुरळांचं पेस्ट कंट्रोल करताना त्याला घरात थांबवू नका.