लिलावातल्या वेल्डिंग रॉडचं काय करू?

रबाळेकर: तळोज्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात वेल्डिंगच्या सामानाचा लॉट घेतला. एक पाकीट उघडं आहे, रॉडवर ई७०१८ छापलंय, आणि एका डबीत लाल टोकाच्या टंगस्टनच्या काड्या. गेटचं काम आलंय, त्यात वापरू का?

वागळेवाला: भाऊ ७०१८ म्हणजे लो हायड्रोजन, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी जाऊ देणारा रॉड, ७० हा ताकदीचा आकडा, ७०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड), १ म्हणजे उभं-आडवं-डोक्यावर कसंही चालतं. पण उघडं पाकीट आणि आपल्याकडचा पावसाळा, कोटिंगने ओल धरली असणारच, तसाच लावला तर वेल्डमध्ये भोकं पडतात आणि जाड प्लेटला तर मागाहून चीर जाते, हे मी स्वतः भोगलंय. ३०० ते ३५० डिग्री सेल्सियसला तासभर तरी भाजायला लागतो, उन्हात ठेवून काही होत नाही. कोटिंग सुटलेले सरळ फेका. गेटला ६०१३ नंबरचा साधा रॉड घ्या ना, सोपा पडतो.

ऐरोलीकर: लाल टोक म्हणजे टिगचं (टंगस्टनची काडी आणि गॅस वापरून करतात ते वेल्डिंग) २ टक्के थोरियमवालं, किंचित किरणोत्सारी असतं. नुसतं ठेवायला भीती नाही, पण टोक काढताना ग्राइंडरची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावाच आणि पोरांना तिथे उभं करू नका प्लीज.

रबाळेकर: बरं झालं विचारलं दादा. गेटला ६०१३च आणतो.