मदत हवी आहे: दुधाची दाढ न कोरता टोपी बसवावी का?

लेक साडेपाच वर्षांची. खालची शेवटची दुधाची दाढ किडली आहे. पोळीचा तुकडा त्या खड्ड्यात अडकला की ती जेवण थांबवते आणि जिभेने तो काढत बसते. रात्री दुखत नाही, सूजही नाही.

एका डॉक्टरांनी भूल देऊन कीड कोरून सिमेंट भरायला सांगितलं. दुसऱ्यांनी एक्स-रे पाहिला, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नाही म्हणाले आणि 'हॉल टेक्निक' सुचवली: इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, किडीवरच स्टीलची टोपी सिमेंटने घट्ट बसवायची. आत अन्न पोचलं नाही की कीड थांबते. ऐकून मी दचकलेच. कीड आत ठेवून वरून झाकायचं?

मग वाचलं. ही पद्धत स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांची. तिथल्याच डंडी शहरातल्या संशोधकांनी 132 मुलांवर चाचणी केली, प्रत्येकाच्या एका दाढेवर टोपी, दुसरीवर नेहमीचं फिलिंग. 2007 आणि 2011 च्या निष्कर्षांत टोपी सरस ठरली. पण 2020 साली आलेल्या ब्रिटनमधल्या 'फिक्शन' नावाच्या चाचणीत, 1144 मुलांमध्ये, दुखणं किंवा संसर्ग यांत उपचारपद्धतींमुळे ठळक फरक दिसला नाही. इथे माझा गोंधळ उडतो.

ही दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी, म्हणून 'पडणारच आहे' हे मला पटत नाही.

कुणाच्या मुलांना अशी टोपी बसवली आहे का? सुरुवातीला चावताना ती उंच लागते म्हणे, किती दिवस त्रास झाला? बालदंतवैद्य असाल तर कृपया सांगा, एक्स-रेत नेमकं काय दिसलं तर हॉल टाळावी?